हवेला कुलूप

टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या बिलावर, नोकरीच्या अर्जावर एक नंबर दिलेला असे आणि त्याच्यापुढे 'पी. पी.' ही दोन अक्षरे असत. त्यांचा अर्थ एवढाच, की फोन शेजाऱ्यांचा आहे. तुम्ही आमचे नाव सांगा, ते आम्हाला हाक मारतील. वाड्यात किंवा चाळीत एकच फोन, आणि त्याच्यावर पंधरा-वीस बिऱ्हाडांची मुलाखतीची बोलावणी, बाळंतपणाच्या बातम्या आणि गावाकडचे सांगावे येत. त्या फोनचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. बोलणे आटोपशीर हवे. रात्री उशिरा फोन यायचा तर तो तसाच महत्त्वाचा हवा. आपण बाहेर फोन केला तर शेजारच्या डबीत नाणे टाकायचे. ज्यांच्या घरी तो फोन होता त्यांना त्याचा त्रास नक्कीच होत असणार. तरीही त्यांनी कोणाला हाक मारायचे टाळले, असे फारसे ऐकिवात नाही.

आज कोणत्याही सोसायटीच्या जिन्यात उभे राहून मोबाइलवर वाय-फायची यादी उघडावी. पंधरा-वीस नावे भराभर समोर येतात. काही नावे कंपनीने दिलेली, म्हणजे अक्षरे आणि आकड्यांची खिचडी. काही हौसेने ठेवलेली. 'फुकट मिळणार नाही' असे बजावणारेही एखादे असते. प्रत्येक नावाशेजारी एक छोटेसे कुलूप. ही कुलपे असायलाच हवीत. का हवीत ते पुढे येईलच. पण गंमत अशी, की ही सारी नेटवर्के भिंती ओलांडून एकमेकांच्या घरात शिरतात, एकाच हवेतून बोलतात आणि एकमेकांची वाट अडवतात. तेव्हाचा फोन एका घरात असून वीस घरांचा होता. आजचा हा बिनतारी कारभार वीस घरांत पसरलेला असून एकेकाचा आहे.

चार-सहा लॅपटॉप एका खोलीत बिनतारी जोडायचे, एवढेसे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. त्या निमित्ताने या सामायिक हवेची आणि तिच्या कुलपाची जी ओळख झाली, ती आपल्यापुढे मांडायची आहे. घरात दोन लॅपटॉप असोत वा सहा, गोष्ट तीच आहे.

सहा लॅपटॉप आणि एक प्रश्न

आमची सोसायटी पुण्यातली, चाळीस वर्षांची जुनी, चोवीस बिऱ्हाडांची. तळमजल्यावर एक मोठी खोली आहे. एकेकाळी तिथे कॅरम आणि टेबल-टेनिस चाले. पुढे जुन्या सायकली आणि गणपतीचे मखर यांनी तिचा ताबा घेतला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरू लागल्या, तेव्हा आमच्या वॉचमनची मुलगी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून वडिलांच्या मोबाइलवर तास ऐकत असे. ती तेव्हा सहावीत होती. त्या पायरीवर रेंज बरी येई, एवढेच कारण. आम्ही सगळे तिच्या बाजूने जपून पाय टाकत वर-खाली जात होतो. नंतर शाळा उघडल्या, पायरी रिकामी झाली आणि आम्हीही ते विसरलो.

गेल्या वर्षी सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या कार्यालयाने जुने लॅपटॉप मोडीत काढले. त्यांतले सहा त्यांनी रीतसर मागून आणले. तळमजल्याची खोली रिकामी करून तिथे अभ्यासिका काढायची ठरली. सोसायटीतली मुले येतील, मागच्या वस्तीतली येतील, आमच्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुले येतील, अशी कल्पना होती. सभेत खर्चाचा प्रश्न चटकन सुटला. अडले ते दुसऱ्याच प्रश्नावर. एका सभासदांनी विचारले, "पासवर्ड कोणाकोणाला देणार? बाहेरच्या कोणी भलतेसलते केले, तर पोलीस त्याच्या दारात जातील की आपल्या?"

यावर कोणालाच उत्तर देता येईना. प्रश्न कंजूषपणाचा नव्हता, भीतीचा होता. आणि भीती निराधार नव्हती. अखेर "तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला कॉम्प्युटरमधले कळते," असे म्हणून हे प्रकरण माझ्या गळ्यात पडले.

बँकेतल्या माणसाला कॉम्प्युटर कळतो, या समजाला थोडा इतिहास आहे. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कामगार संघटनांचा विरोध, करार, पुन्हा विरोध अशा वाटेने यंत्रे हळूहळू शाखांत आली. नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत पहिले नेटवर्क बसले. एक काळी केबल टेबलामागून टेबलामागून फिरत जाई आणि तिच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी टोपणे असत. कोणाची खुर्ची जोरात मागे सरकली आणि एखादा सांधा सैल झाला, की त्या एका टेबलाचे नव्हे, सगळ्या शाखेचे काम बंद पडे. मग अधिकारी, कारकून आणि शिपाई असे सगळेच टेबलाखाली वाकून सांधे चाचपत फिरत. सगळ्यांत दुर्लक्षित सांधा जेवढा पक्का तेवढेच नेटवर्क पक्के, हे मी तेव्हापासून धरून आहे. वायर गेली तरी त्यात फरक पडलेला नाही.

आधी ऐका, मग बोला

वायरीवाचून संगणक एकमेकांशी बोलू लागले त्याची सुरुवात हवाई बेटांवर झाली. तिथल्या विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर आणि मोठा संगणक एकाच ठिकाणी. मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींनी ही ठिकाणे जोडायला घेतली. अडचण अशी होती, की सगळ्यांना बोलायला वाट एकच. दोघे एकदम बोलले की दोघांचेही शब्द फुकट. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा अगदी घरगुती होता: बोलून टाका, पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजा, आणि थोडे थांबून पुन्हा बोला. मात्र किती थांबायचे ते प्रत्येकाने नशिबावर सोडायचे. दोघे सारखेच थांबले तर पुन्हा एकदमच बोलतील ना!

आज आपल्या घरातले वाय-फाय याच जातीचे आहे, फक्त जरा अधिक सभ्य. १९९७ साली त्याचे पहिले मानक ठरले. त्यात लॅपटॉपने आधी ऐकायचे असते. हवा मोकळी असेल तर बोलायचे, नसेल तर आपल्या वाट्याला आलेला थोडासा काळ थांबायचे. हे सगळे सेकंदाच्या हजाराव्या-लाखाव्या भागात चालते, म्हणून आपल्याला वाटते की सहाही लॅपटॉप एकदम बोलत आहेत. खरे तर ते पाळीपाळीने बोलत असतात.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी निघते. खोलीतला एखादा लॅपटॉप जुना असेल किंवा कोपऱ्यात दूर बसला असेल, तर तो सावकाश बोलतो. तेवढेच वाक्य बोलायला त्याला जास्त वेळ लागतो आणि तोवर बाकीचे थांबून राहतात. सभेत एक वक्ता लांबला की पुढच्या सगळ्यांचा वेळ जातो, तसेच. म्हणजे दूर बसलेल्याची सोय लावणे हा काही उपकार नाही; त्यात जवळच्यांचाही फायदा असतो.

ही हवा आपल्याला फुकट वापरायला मिळते, हेही लहानसहान नाही. आमच्या लहानपणी नुसता रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात ते लायसन्स गेले. वाय-फायचा मूळचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. तो आपल्या केंद्र सरकारने २००५ साली परवान्यातून मोकळा केला. पण तो कोणा एकाचा नाही म्हणून तिथे गर्दीही फार. शेजाऱ्यांची नेटवर्के तिथे, बिनतारी माउस तिथे, स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हची गळतीही तिथेच. पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत, पण ती इतकी खेटून आहेत की शेजारची एकमेकांवर सांडतात. एकमेकांना धक्का न लावणारी अशी १, ६ आणि ११ ही तीनच. याउलट ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस आहे, वेगही जास्त देतो. पण त्या लहरी भिंतीला लवकर हार जातात. एका खोलीपुरते काम असेल तर तोच त्यांचा गुण. शेजाऱ्यांच्या घरात त्यांचा उपद्रव कमी.

भिंती, पाणी आणि आरसे

काम हाती घेतल्यावर मी पहिल्यांदा काहीच विकत आणले नाही. एक वही घेतली आणि खोलीचा नकाशा काढला. सिग्नलचे बळ मोजणारे फुकट ॲप मोबाइलमध्ये मिळते. ते उणे आकड्यांत उत्तर देते. उणे ४५ म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत काम निभावते आणि उणे ८० च्या पलीकडे नुसते नाव दिसते, काम होत नाही. बँकेतल्या माणसाला हे समजायला सोपे: उणे जितके मोठे तितके खाते खोलात.

सोसायटीच्या कचेरीत आधीपासून इंटरनेट आणि राउटर होता. कचेरी आणि अभ्यासिका यांच्यात दोन भिंती, एक पाण्याची टाकी आणि लोखंडी कपाटांची रांग. अभ्यासिकेच्या दारात उणे ७२ आणि आतल्या कोपऱ्यात उणे ८४. हे असे होणारच. या लहरींना काँक्रीटमधल्या सळया आणि लोखंड अडवतात, पाणी शोषून घेते, आणि आरशामागचा धातूचा लेप परतवून लावतो. घरोघरी राउटर टीव्हीमागे, कपाटात किंवा जमिनीलगत कोंबलेला असतो, कारण तो दिसायला ओंगळ वाटतो. तोच भिंतीवर खांद्याच्या उंचीला, मोकळ्यावर आणि घराच्या मध्याकडे टांगला, तर निम्म्या तक्रारी एक रुपया न खर्चता मिटतात.

खोलीत लहरी नुसत्या सरळ येत नाहीत. एक सरळ येते, एक भिंतीवरून, एक छतावरून, आणि प्रत्येक किंचित उशिरा. गुंबजात बोललेले जसे घुमते तसे हे शब्द एकमेकांत मिसळतात. हा घुमारा निस्तरण्याचा एक कामचलाऊ मार्ग ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्याचे अमेरिकी पेटंट १९९६ चे. ओ'सलिव्हन मुळात रेडिओ खगोलशास्त्रातले. फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओसंकेत त्यांनी आधी शोधून पाहिले होते. ती विवरे काही सापडली नाहीत, पण अंतराळातल्या पुसट संकेतांवर मुरलेले गणित घराच्या चार भिंतींत उपयोगी पडले. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. तिकडून जाताना 'या विद्येचा आपल्याला काय उपयोग' असे कोणी म्हणाले, तर त्याला त्याच्याच खिशातला मोबाइल दाखवावा.

अभ्यासिकेपर्यंत सिग्नल पोहोचवायला दोन मार्ग होते. मध्ये सिग्नल पुढे ढकलणारे यंत्र लावायचे किंवा वायर ओढायची. पुढे ढकलणारे साधे यंत्र त्याच हवेतून ऐकते आणि त्याच हवेतून तेच पुन्हा बोलते. म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा, आणि वेग साधारण निम्म्यावर. म्हणून मी वायरच ओढायला सांगितली. शंभर मीटरपर्यंत ही केबल बिनतक्रार चालते. आम्हाला तीस मीटर लागली. बिनतारी नेटवर्कचा पाया वायरीचा असला म्हणजे बरे. केबलच्या टोकाला अभ्यासिकेच्या भिंतीवर एक छोटा ॲक्सेस पॉइंट टांगला, आणि त्याची ताकद मुद्दाम खोलीपुरती कमी केली. वरच्या मजल्यावरच्यांची हवा आपण का अडवावी?

सहापैकी चार लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झ कळत होते, दोघांना नाही. त्या दोघांसाठी २.४ चा पट्टा ११ नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवला आणि त्यांची जागा ॲक्सेस पॉइंटच्या अगदी जवळ दिली. नव्या विंडोजला पेलणारे ते लॅपटॉप नव्हते, म्हणून सगळ्यांवर लिनक्स घातले. ते फुकट आहे, त्याची सुरक्षेची डागडुजी चालू असते आणि त्यावर मराठी लिहिता येते. अभ्यासासाठी आणखी काय हवे?

इंटरनेटच्या वेगाचा हिशेबही आधीच कागदावर मांडला होता. आमची जोडणी ५० मेगाबिटची. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट. बरा दिसणारा एक व्हिडिओ तास दोन-अडीच मेगाबिटमध्ये भागतो. सहा जणांचे पंधरा. म्हणजे कचेरी धरूनही जोडणी पुरून उरत होती. 'नेट स्लो आहे' म्हणून घाईघाईने महागडी योजना घेण्यापूर्वी ही बेरीज आणि तो नकाशा प्रत्येकाने करून पाहावा. पुष्कळदा दोष रस्त्यावरच्या केबलचा नसतो, दोन खोल्यांमधल्या कपाटाचा असतो.

एकच पत्ता

आता सभेतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. पोलीस कोणाच्या दारात जातील?

राउटर हा एकत्र कुटुंबातल्या कारभाऱ्यासारखा असतो. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता ठाऊक. आत प्रत्येक लॅपटॉपला कारभारी आपला एक नंबर देतो, तोही काही तासांच्या भाडेपट्ट्याने. हे आतले नंबर बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात आणि तसेच नंबर जगातल्या कोट्यवधी घरांत असतात. प्रत्येक चाळीत 'खोली नंबर तीन' असते, तसे. बाहेरून आलेले उत्तर आत कोणाचे, हे कारभाऱ्यालाच माहीत. म्हणजे आमच्या अभ्यासिकेतल्या कोणीही काही पाठवले, तरी जगाच्या दृष्टीने ते सोसायटीने पाठवलेले ठरणार.

हे नुसते तर्कट नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीची ई-मेल आली होती. तिचा माग तपास करणाऱ्यांना नवी मुंबईतल्या एका घराशी घेऊन गेला. तिथल्या परदेशी रहिवाशाच्या वाय-फायला पुरेसे संरक्षण नव्हते आणि त्याचा वापर दुसऱ्यांनीच केला होता. त्या गृहस्थांना चौकशीच्या फेऱ्यातून जावे लागले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वाय-फाय उघडे ठेवू नये, अशा सूचना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना दिल्या. सभेतल्या सभासदांच्या भीतीचे मूळ हे होते, आणि ती भीती मी कमी लेखणार नाही.

पण भीतीवर दोन इलाज असतात. एक, दार कोणालाच उघडायचे नाही. दुसरा, दार नीट बसवायचे. बँकेत रोज शेकडो अनोळखी माणसे येतात म्हणून कोणी बँक बंद ठेवत नाही. येणाऱ्याची ओळख पटवायची, नोंद ठेवायची, आणि ज्याचे काम काउंटरवर आहे त्याला तिजोरीच्या खोलीत जाऊ द्यायचे नाही, एवढे पाळले की भागते. वाय-फायचेही तेच.

कुलूप कसे असावे

पहिले, कुलपाची जात. सुरुवातीच्या कुलपाला डब्ल्यूईपी म्हणत. ते २००१ सालीच कच्चे ठरले आणि पुढे तर काही मिनिटांत उघडू लागले. २००४ पासूनचे डब्ल्यूपीए-टू आणि २०१८ मध्ये आलेले डब्ल्यूपीए-थ्री ही कुलपे वापरण्याजोगी. राउटरच्या सेटिंगमध्ये ते एकदा पाहून घ्यावे. पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी चालेल. भोपळा, रिक्षा, ओसरी, मंगळवार हे चार शब्द एका दमात कोणाला सुचणार? नातवाचे नाव आणि जन्मसाल मात्र चोराच्या यादीत पहिल्या पानावर असते.

दुसरे, राउटरवरचे ते बटण. आठ आकड्यांचा पिन देऊन पासवर्डाशिवाय आत घेण्याची सोय पुष्कळ राउटरांत असते. तिचे नाव डब्ल्यूपीएस. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे आपल्याला वाटते. पण २०११ मध्ये उघड झाले, की राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि पुढचे तीन वेगळे. शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, फक्त ११,००० प्रयत्न. एटीएमवर तीन चुकांनंतर कार्ड अडते. यांतल्या बऱ्याच यंत्रांना तेवढाही पोच नव्हता. ही सोय बंदच ठेवावी.

तिसरे, राउटरचा स्वतःचा पासवर्ड. वाय-फायचा पासवर्ड हे घराच्या दाराचे कुलूप, आणि राउटरचा पासवर्ड म्हणजे कुलपे बदलण्याचा अधिकार. हा पुष्कळ ठिकाणी कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने अशाच कारखान्यातल्या पासवर्डांची यादी हाताशी धरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

चौथे, वेगळी खोली. कचेरीच्या संगणकावर सोसायटीचे हिशेब आहेत, कॅमेऱ्यांची नोंद आहे. म्हणून प्रत्येक जोडणीला स्वतंत्र जाळे नेमता येईल असा राउटर घेतला: एका जोडणीत कचेरी, दुसरीत अभ्यासिका, आणि दोघींमध्ये पक्की भिंत. अभ्यासिकेतून इंटरनेट दिसते, कचेरी दिसत नाही. घरातही पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क बहुतेक राउटरांत असतेच. पाहुण्यांना, प्लंबरला, नातवाच्या मित्रांना तेच द्यावे. दिवाणखान्यात बसवून चहा द्यायचा, पण कपाटाच्या किल्ल्या द्यायच्या नाहीत, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

पाचवे, नोंदवही. येणाऱ्याने नाव, वेळ आणि लॅपटॉपचा नंबर लिहून सही करायची. सोसायटीतल्या मुलांनीही करायची. हा नियम मी आग्रहाने सगळ्यांना लावला, कारण सही फक्त वस्तीतल्या मुलांची घेतली असती तर ती नोंदवही राहिली नसती, संशयाची यादी झाली असती.

हे पाचही मुद्दे सभेपुढे ठेवले. वर्षभर करून पाहू, या अटीवर ठराव झाला. विरोधाची तीन मते पडली, तीही इतिवृत्तात आहेत.

पाऊस आणि विश्वकोश

आपण वाय-फाय आणि इंटरनेट हे एकच समजतो. खरे तर खोलीतले नेटवर्क हे आपल्या गावातले रस्ते आणि इंटरनेट हा गावाबाहेर जाणारा हमरस्ता. हमरस्ता तुटला तरी गावातली ये-जा थांबायचे कारण नाही. या विचाराने अभ्यासिकेत पत्त्यांच्या जोडाएवढा एक स्वस्त संगणक वायरने जोडून ठेवला आणि किविक्स या फुकट प्रोग्रॅमद्वारे त्यावर संपूर्ण मराठी विकिपीडियाची प्रत उतरवून घेतली. शाळेची पुस्तकेही त्यावर घातली. गेल्या जुलैत रस्त्याच्या खोदाईत इंटरनेटची केबल तुटली आणि दोन दिवस सगळ्या सोसायटीत शुकशुकाट झाला. अभ्यासिकेत मात्र मुले वाचत बसली होती. कित्येकांना केबल तुटल्याचे कळलेही नव्हते.

केबल जुळल्यावर मुले मराठी विश्वकोश उघडू लागली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा पाया घातला ते जाडजूड खंड आमच्या पिढीने ग्रंथालयात उभ्याने चाळले. आता तेच वस्तीतला आठवीतला मुलगा मोडीत निघालेल्या लॅपटॉपवर वाचतो, आणि शेजारचा मुलगा क्रिकेटचा स्कोअर पाहतो. दोघांनाही पाहू द्यावे, असे माझे मत आहे. आमच्यापैकी तरी किती जण ग्रंथालयात फक्त विश्वकोशासाठी जात होतो?

दोन किल्ल्या

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याला ती उघडता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. घरातल्या नेटवर्कचे नेमके उलट असायला हवे. बहुतेक घरांत हा कारभार एकाच माणसाला ठाऊक असतो: मुलाला, जावयाला किंवा निवृत्त यजमानांना. तो माणूस परगावी गेला, आजारी पडला किंवा कायमचाच गेला, की मागे राहिलेल्यांच्या हातात दिवे लुकलुकणारे एक खोके उरते. नॉमिनी न लावलेल्या खात्यांपायी विधवांना वर्षानुवर्षे खेटे घालताना मी काउंटरमागून पाहिले आहे. म्हणून राउटरचा पासवर्ड, कंपनीचा ग्राहक क्रमांक, कोणती केबल कुठे जाते त्याचा नकाशा, बंद पडले तर आधी काय करायचे, हे सारे एका साध्या वहीत मराठीत लिहून ठेवावे आणि वही घरातल्या दुसऱ्या माणसाला समजावून द्यावी. नुसती दाखवू नये, एकदा त्याच्या हातून सगळे बंद करून पुन्हा सुरू करून घ्यावे.

अभ्यासिकेच्या वहीची एक प्रत माझ्याकडे आहे. दुसरी कोणाकडे द्यावी, असा प्रश्न समितीत निघाला तेव्हा मी वॉचमनच्या मुलीचे नाव सुचवले. ती आता बारावीत आहे. सहाही लॅपटॉपवर लिनक्स घालताना ती माझ्या शेजारी होती, आणि शेवटचे दोन तिने एकटीनेच उरकले. विरोधी मत दिलेल्यांपैकी एकाने विचारले, "म्हणजे आपले कुलूप बदलायचा अधिकार तिच्याकडे?" अभ्यासिकेच्या कुलपाचा, होय, असे मी सांगितले. कचेरीचे जाळे वेगळे आहे, हे त्यांनी वहीतल्या नकाशावर बोट ठेवून तपासून घेतले. मग त्यांनी चष्मा काढला आणि इतिवृत्तावर सही केली.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पासवर्ड बदलतो. फळ्यावर चार नवे मराठी शब्द लिहिलेले असतात. ते आता तीच निवडते.